चौथं फलन

घरात माझं अक्षर सगळ्यांत वळणदार, म्हणून यजमानांच्या प्रबंधाची पक्की प्रत मी करायची असं ठरलं. ते बुलढाण्याला शाळेत गणित शिकवत. प्रबंध मान्य झाला तर नागपूरच्या एका कॉलेजात जागा मिळणार होती. मुदत त्याच आठवड्यात संपत होती, म्हणून सोमवारी मलकापूरहून गाडी धरून ते स्वतः नागपूरला प्रबंध देऊन येणार होते.

विषय होता एकमेकांना लंब असलेल्या फलनांची, म्हणजे क्षच्या घातांपासून बनवलेल्या राशींची, मालिका रचण्याचा. मला त्यांनी तो असा सांगितला होता: पहिलं फलन तसंच ठेवायचं. दुसऱ्यातून पहिल्याचा वाटा काढून टाकायचा. तिसऱ्यातून आधीच्या दोन्हींचा. उरेल ते नवं. मग कोणतीही दोन गुणून दिलेल्या अंतरावर संकलन केलं की उत्तर शून्य आलं पाहिजे. घातांचं संकलन मला येत होतं. घात एकाने वाढवायचा आणि त्या नव्या आकड्याने भागायचं, एवढंच. नकलेत आकडा चुकला का, हे मी तसंच ताडून पाहत असे.

शनिवारी चौथ्याला तिसऱ्याने गुणलं. शून्य येईना. तीनदा केलं. नक्कल त्यांच्या कागदाशी तंतोतंत जुळत होती, म्हणजे चूक मुळातच होती. पहिल्या प्रकरणात अंतर उणे एक ते एक होतं. तिथे चौथ्यात तिसऱ्याचा वाटा नसतोच. दुसऱ्या प्रकरणात शून्य ते एक, तिथे तो असतो. सवयीने त्यांनी ती वजाबाकी गाळली होती. चौथं बिघडलं, म्हणजे त्याच्या आधाराने रचलेली पुढची सगळी बिघडली.

दुपारी ते शाळेतून येऊन जेवायला बसले. एकटे सापडेपर्यंत मी थांबायला हवं होतं. भाकर वाढता वाढताच बोलून गेले.

"अहो, चौथं चुकलं. तिसऱ्याचा वाटा काढायचा राह्यला."

सासूबाई हसल्या. "पाह्य बाई! मास्तरले मास्तरीण भेटली."

त्यांचा हात ताटात थांबला. "तुले नक्कल तपासायले सांगतली होती. मले तपासायले नाही."

"मग सोमवारी काय देता?"

"जेवू दे वं त्याले," सासूबाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या.

अर्धी भाकर टाकून ते उठले आणि कागद घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत चौथं नव्याने निघालं. पण पुढची पाच बाकी होती, आणि त्यांवर उभी असलेली दोन प्रकरणंही. सोमवारी ते मलकापूरला न जाता शाळेत गेले.

प्रबंध पुढच्या वर्षी मान्य झाला. तोवर कॉलेजातली जागा भरली होती. परीक्षकांनी ती चूक पकडली असती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

दुसरी प्रत त्यांनी स्वतःच उतरवली, आपल्या किरट्या अक्षरात. शाई मी करून देत असे. शाळेत जाताना कागद ते पेटीत ठेवून कुलूप लावत आणि किल्ली बरोबर नेत.