माती व पाया विभागाच्या सचिवबाई

सचिवबाई मेथीच्या पिशवीसकट माणूस सभेला आणत. हे मी स्वतः पाहिलं आहे, कारण स्कूटर माझी होती.

त्या संध्याकाळी वार्षिक सभेला किमान पंधरा सभासद हवे होते आणि चौदाच आले होते. बाईंनी ‘सभा अर्ध्या तासासाठी तहकूब’ असं वहीत लिहिलं आणि मला म्हणाल्या, "काढा स्कूटर." पंचवटीच्या भाजीबाजारात आमचे एक सभासद मेथीच्या जुड्या पिशवीत भरताना सापडले.

"अहो बाई, घरी भाजीची वाट बघतायत," ते म्हणाले.

"भाजी घेऊन सभेला बसू नये असं नियमात कुठंही नाही."

ते सायकलवरून आमच्या मागोमाग आले. पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि सभा सुरू झाली.

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. अभियंत्यांच्या एका मोठ्या संस्थेची नाशिकमध्ये शाखा होती आणि त्या शाखेत विषयवार विभाग होते. आमचा विभाग माती व पाया. धरणाखालची, इमारतीखालची माती किती भार सोसेल याची काळजी करणाऱ्यांचा. एक अध्यक्ष, एक सचिव, पाच जणांची कार्यकारिणी. वर्षाला सहा व्याख्यानं आणि एक सहल. ‘सहल’ म्हटलेलं मात्र बाईंना खपत नसे. "स्थळभेट म्हणा. सहलीचा अहवाल मुख्यालयाला पाठवता येत नाही."

अशाच एका स्थळभेटीत आम्ही हरसूलच्या बाजूला बांधातून गळणारा एक पाझर तलाव पाहायला गेलो. आम्ही पदवीधर मंडळी बांधावर उभं राहून तर्क लढवत होतो. तिथला म्हातारा मुकादम बराच वेळ ऐकत होता. शेवटी त्याला राहवेना. "माती वली व्हती तवाच धुमसायला, ठोकून दाबायला पायजे व्हती, साहेब. वाळल्यावर कितीबी धुमसा, काय उपेग नाय." आम्ही हसलो. बाईंनी त्याचं नाव विचारून वहीत लिहून घेतलं आणि त्या वर्षीच्या व्याख्यानमालेत चौथं व्याख्यान त्याचं ठेवलं. रीतसर निमंत्रणपत्र, हार, नारळ, सगळं. तो वीस मिनिटं बोलला. प्रश्नोत्तरं तासभर चालली.

बाई माती तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत होत्या. वडील छापखान्यात कामगार. बौद्ध वसाहतीतल्या दोन खोल्यांत पाच भावंडं वाढलेली. कॉलेजात जाऊन इंजिनिअर होणं परवडणारं नव्हतं. त्यांनी पदविका केली, नोकरी धरली आणि आमच्याच संस्थेच्या परीक्षा बाहेरून देत सहा वर्षांत इंजिनिअर झाल्या. नियमांवर त्यांचा एवढा जीव का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "माझ्यासाठी कुणी नियम वाकवला नाही, आणि वाकवून मला बाहेरही ठेवलं नाही. पुस्तकात लिहिलं होतं तेवढं मी केलं आणि त्यांनी मला आत घेतलं. असं फार ठिकाणी होत नाही हो."

त्या पुस्तकात अध्यक्षाची मुदत दोन वर्षांची होती. आमचे अध्यक्ष म्हणजे आमच्या सरकारी खात्यातले मोठे साहेब. माझे वरिष्ठ आणि बाईंचेही. त्यांची दोन वर्षं संपत आली तेव्हाच नाशिकला राज्याचा परिसंवाद ठरला. व्यासपीठावर आपण असावं असं साहेबांना वाटणं साहजिक होतं. त्यांनी तसं माझ्या कानावर घातलं आणि मीही सभेत उत्साहानं उठून ठराव मांडला, की साहेबांनी आणखी दोन वर्षं राहावं. टाळ्या पडल्या.

बाई उभ्या राहिल्या. "ठराव नोंदवून घेतला. पण तो नियमात बसत नाही, मतदानाला घेता येणार नाही."

टाळ्या जागच्या जागी थांबल्या. साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, उद्या ऑफिसात भेटा."

बाईंचा गोपनीय अहवाल साहेबच लिहीत आणि बढती त्यावरच ठरे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "नियम बदलता येतो ना?"

"येतो की, साहेब. पंधरा दिवसांची नोटीस, दोन तृतीयांश मतं, मग मुख्यालयाची मंजुरी. अर्ज मी टाइप करून आणलाय. तुमची सही झाली की आजच नोटीस काढते."

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि सही न करता परत दिला. टपालानं मतपत्रिका गेल्या, तंत्रनिकेतनातले एक प्राध्यापक अध्यक्ष झाले. परिसंवाद छान पार पडला. साहेब पहिल्या रांगेत बसले होते. पण बाईंच्या त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात ‘नियमांबाबत अनावश्यक ताठर’ असा शेरा आला आणि बाईंची बढती वर्षभर लांबली.

मी प्रयोगशाळेत माफी मागायला गेलो. त्या चिकणमातीचा गोळा साच्यात दाबत होत्या. "ठराव मांडणं तुमचा हक्क होता, नाही म्हणणं माझं काम. यात कुणी कुणाची माफी मागायची?" मग हात पुसत म्हणाल्या, "यंदा बढती होणार असं वडिलांना सांगून ठेवलं होतं, एवढंच."

बढती आली, आणि तिच्यासोबत विदर्भातल्या एका टोकाच्या गावी बदली. सचिवपद माझ्याकडे आलं. "तुमच्यासारखं मला जमायचं नाही," मी म्हटलं. "माझ्यासारखं नकोच. लिहिलंय तसं करा," म्हणत त्यांनी विभागाच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली.

दोन-तीन वर्षांनी त्यांचं पत्र आलं. ‘इथे आपला विभाग नाही. सुरू करायला वीस सभासद लागतात, सतरा झालेत. तिकडून कुणी बदलून येणार असेल तर कळवा.’

त्याच उन्हाळ्यात माझीही बदली निघाली. तीन गावांची नावं देऊन पसंती विचारली होती. त्यांतलं एक बाईंचं गाव, जिथं जायला कुणी राजी नसे. मी तेच मागून घेतलं.

बायकोनं नकाशा उघडला, बोटानं शोधत बराच वेळ घेतला आणि विचारलं, "अहो, तिथं आहे तरी काय?"

"सतरा सभासद," मी म्हणालो.