दगडाने कान हलवला

आई खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाली, त्याच हिवाळ्यात मी तिला सुप्याच्या अभयारण्यात चिंकारा बघायला नेलं. शेजारच्या एका शेतकऱ्याच्या माळावर तंबूत मुक्काम होता. सोबत आयटीतली पाच-सहा मुलं, प्रत्येकाकडे हातभर लांबीची लेन्स. आईकडे फक्त चष्मा. तंबू पाहून ती म्हणाली, "घरी पलंग आहे आपल्याकडे. विसरलीस का?"

सकाळी मात्र स्कार्फ बांधून सगळ्यांच्या आधी तीच तयार होती. गावातला वाटाड्या आम्हाला एका बांधाआड बसवून म्हणाला, "गप बसायचं. येत्याल." चार चिंकारा आले, चरता चरता लांब गेले. मग तासभर काहीच नाही. मुलांनी मोबाइल काढले. आई तशीच समोर बघत बसली होती.

थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "त्या बोरीच्या डावीकडे कोण बसलंय?"

शेजारच्या मुलाने लेन्समधून पाहिलं. "काकू, दगड आहे तो."

"मघाशी त्या दगडाने कान हलवला."

वाटाड्याने दुर्बीण लावली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. "लांडगा हाय," तो पुटपुटला. "मलाबी नव्हता दिसला."

लांडगा उठला, अंग ताणलं, आमच्याकडे एकदा बघून निवांत चालत ओढ्यात उतरला. कॅमेऱ्यांची खटखट सुरू झाली. आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

चहाच्या वेळी त्या मुलाने विचारलं, "काकू, तुम्हाला दिसला कसा?"

"मी तपासणी विभागात होते," आई म्हणाली. "दिवसभर बोटाएवढे सुटे भाग बघायचे. शेकड्यात एखादा खराब निघायचा. तो सुटला तर पुढे कुणाच्या तरी जिवाशी खेळ."

ती संध्याकाळी लाल डोळ्यांनी घरी यायची, एवढंच मला लहानपणी ठाऊक होतं. शाळेत कुणी विचारलं तर मी 'ऑफिसात आहे' असं सांगायचे. कारखाना म्हणायला लाज वाटायची. त्या माळावर मात्र नवीन कुणी चहाला आलं, की मीच पुढे होऊन सांगत होते, "लांडगा माझ्या आईने शोधला. कारखान्यात तपासणीला होती ती."

परतताना वाटाड्याने आईचा नंबर मागून घेतला. आता लांडगे दिसायला लागले की तो तिलाच फोन करतो. मला फक्त निघायची तारीख कळवली जाते.