आखाजीपर्यंतचे सण

"बोलत नाही, पण हात चांगले आहेत. वर्षभराचे सण निघतील. आखाजीला तेवढी अडवून ठेवली की झालं!"

हे वाक्य माझ्या सासूबाईंचं. फोनवर माझ्या नणंदेला, माया ताईंना, सांगत होत्या. मी आत मिक्सरवर चटणी वाटत होते, म्हणजे मला काही ऐकू जाणार नाही असा त्यांचा अंदाज. पण चटणी नेमकी त्याच क्षणी बारीक झाली!

तेव्हा लग्नाला जेमतेम महिना झाला होता. सासर जळगावचं, माहेर धुळ्याचं. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. भाऊ न्यायला येतो, माहेरी निंबाला झोका बांधलेला असतो, आई खापरावर मांडे करते. बाकी कुठल्या सणाला जायला नाही मिळालं तरी चालतं, आखाजीला जायचंच. त्यातून पहिली आखाजी! माझं लग्न आखाजी उलटल्यावर झालं, त्यामुळे ती सगळ्या सणांच्या शेवटी येणार होती. तोवर गप्प बसून बघायचं ठरवलं.

गप्प माणसाकडे किस्से फार साचतात. बोलक्या माणसांचे सांगून संपतात. माझे फ्रीजमधल्या उरल्यासुरल्या वाट्यांसारखे एकावर एक चढत गेले. आज फ्रीज रिकामा करते.

* * *

श्रावणात कानबाई आली. ही घराण्याची देवी. तिच्या रोटांचा प्रसाद घराण्याबाहेर जात नाही. लग्न झालेली मुलगीसुद्धा दुसऱ्या कुळाची, तिलाही नाही. हा नियम सासूबाईंनी मला पुन्हा पुन्हा बजावला, कारण माझी बहीण दर्शनाला येणार होती.

"तिला वरण-भात वाढ. रोटाला हात लावू देऊ नकोस. देवीचं कडक असतं!"

बहीण बिचारी वरण-भात खात बसली. तिच्या समोरच माया ताई मांडी ठोकून रोट मोडत होत्या, वर तूप मागत होत्या. दर्शनाला आलेल्या शेजारच्या काकूंना राहवलं नाही.

"अहो, मायाचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली ना? मग तिला कसं चालतं?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तिच्या आधार कार्डावर अजून आमचंच आडनाव आहे!"

* * *

मग पोळा. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बैल कधीच विकले. यावलच्या शेतात आता ट्रॅक्टर फिरतो. त्यामुळे पूजेला मातीचे बैल लागतात. ते मी केले. शिंगं रंगवली, कापडाच्या झुली शिवल्या, गळ्यात घुंगरू बांधले. सासूबाईंनी त्यांच्याशेजारी बसून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: 'आमच्या घरी बैल हातानेच घडवतात. आम्ही परंपरा सोडली नाही.'

फोटो पाहून काकू धावत आल्या. "अय्या, तुम्ही केले? एवढी बारीक शिंगं! वाळताना मोडली कशी नाहीत?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी झुलीची सुरकुती काढत राहिले.

"ते घराण्याचं गुपित आहे. बाहेर सांगत नसतो!"

काकू गेल्या. सासूबाईंनी दार लावलं, माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आत काय घातलंस गं?"

खराट्याच्या काड्या घातल्या होत्या. पण मी कुठे बोलते!

* * *

गणपतीची आरास हे माझ्या नवऱ्याचं, निलेशचं, खातं. कॉलनीत स्पर्धा होती. यंदाचा विषय त्यानंच निवडला: 'झाडे लावा, झाडे जगवा.' मला पुठ्ठ्याची पाखरं करायला बसवलं आणि स्वतः जंगलाच्या मागे लागला. कागदाचं जंगल त्याला 'रिअल' वाटेना. मग त्यानं कोयता घेऊन गल्लीतला एकुलता एक कडुनिंब असा काही छाटला, की दुसऱ्या दिवशी त्याच्या सावलीतला भाजीवाला गाडी घेऊन दुसऱ्या गल्लीत गेला.

परीक्षक आले. खूश झाले. "वा! हिरवाई अगदी जिवंत वाटते. कुठून आणली?"

निलेशनं अभिमानानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर नुसतं खोड उभं होतं.

आम्हाला दुसरा नंबर मिळाला. पहिला नंबर 'पाणी वाचवा' वाल्यांना. त्यांनी दहा दिवस धबधबा चालू ठेवला होता!

* * *

गुलाबाई हा खरं तर मुलींचा सण. गाणी म्हणायची, मग बंद डब्यातला खाऊ वाजवून ओळखायचा. सासूबाईंनी कॉलनीतल्या बायकांची गुलाबाई बसवली. 'जुनं जपलं पाहिजे' वगैरे छोटं भाषणही झालं. गाणं सुरू करायची वेळ आली तर एकीलाही येईना! मला येतात, आईनं शिकवलीत. पण मला कुणी विचारलं नाही.

माया ताईंनी मोबाइल स्पीकरला जोडला. गाणं लागलं. सगळ्या टाळ्या वाजवत फेर धरून फिरू लागल्या. मध्येच गाणं थांबलं आणि जाहिरात लागली: बद्धकोष्ठावरचं चूर्ण! सकाळी पोट साफ, दिवसभर उत्साह!

फेर थांबला नाही. टाळ्याही थांबल्या नाहीत. एका आजींनी तर भक्तिभावानं हात जोडले.

* * *

दिवाळीला मी कामट्यांचा आकाशकंदील केला. तो मागच्या दारी लागला. पुढच्या दारी प्लास्टिकचा, लुकलुकणारा. "तुझा जास्त चांगला आहे गं," आबा मला म्हणाले, "म्हणून तर घरातल्यांना दिसेल असा लावला!"

* * *

संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालायचे. हे माया ताईंनी पुण्याच्या कुणाच्या तरी रीलमध्ये पाहिलं आणि आठवड्याभरात ती आमच्या घराण्याची पिढीजात चाल झाली. दागिने सासूनं करायचे असतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात. हलवा गुडघ्यांनी ओवत नाहीत, पण दागिने माझे मीच केले: हार, बाजूबंद, बिंदी, सगळं.

हळदीकुंकवाला घर भरलं. मला खुर्चीवर बसवलं. फोटोग्राफर म्हणाला, "वहिनी, हलू नका." आणि मुंग्या आल्या. आधी बाजूबंदावर, मग हारावर, मग हारातून ब्लाउजमध्ये! मी आक्रसले, मान खाली घातली, पदर घट्ट धरला, डोळ्यांत पाणी आलं.

सासूबाई सगळ्यांना कौतुकानं म्हणाल्या, "बघा बघा, कशी लाजतेय! कुठे राहिल्यात हल्ली अशा मुली?"

* * *

होळी झाली, पाडवा झाला, तसे घरात आखाजीचे वारे सुरू झाले. थेट कुणी काही म्हणेना. सासूबाई नुसत्या येता-जाता हवामान सांगायच्या.

"आखाजीला ऊन फार असतं बाई. धुळ्याला तर विचारूच नको!"

जळगावात बसून धुळ्याच्या उन्हाची काळजी! बाहेर आमचा वॉचमन डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसला होता.

निलेशला मी खोलीत सरळ विचारलं, "मला जायचंय. तू बोलशील?"

"बोलतो ना," तो म्हणाला, "आखाजी झाली की बोलतो."

तिकडून आईचा रोज फोन. "येशी ना व माय? निंबले झोका बांधेल शे. बठ्ठ्या पोरी येतीन." सगळ्या पोरी येणार म्हटल्यावर मी हो म्हणायचे आणि फोन ठेवला की गच्चीवर कपडे काढायला जायचे, वाळलेले असोत की नसोत.

* * *

आखाजीच्या आदल्या दिवशी दादा, माझा मोठा भाऊ, मला न्यायला धुळ्याहून गाडी घेऊन आला. त्याच्याआधी माया ताई पारोळ्याहून, त्यांच्या सासरहून, माहेरपणाला येऊन बसल्या होत्या. निलेशनं त्यांच्यासाठी हॉलमध्ये हुकाला झोपाळा टांगला होता. त्या त्यावर पाय सोडून बसल्या होत्या, हातात आमरसाची वाटी.

दादानं पाणी घेतलं आणि म्हणाला, "मावशी, हिला घेऊन जातो. दोन-चार दिवसांत सोडायला येतो."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, न्या ना! आम्ही कुठे अडवतोय? पण तिचाच पाय निघत नाही. इथलीच होऊन गेलीय पोर. आणि खरं सांगू का, चांगल्या घरची सून सणाच्या दिवशी सासर सोडून जात नाही. विचारा तिला, सांगू दे तिच्या तोंडानं."

आबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. निलेश मोबाइलमध्ये बघत होता. माया ताईंनी पायानं एक झोका घेतला. सगळे निश्चिंत होते, कारण मी काही बोलत नाही.

मी खोलीतून बॅग आणली. दाराशी ठेवली. चपला घातल्या.

"दादा, गाडीत जागा आहे ना? मग ताईंनाही घे. पारोळा वाटेतच लागतं."