पुलाच्या खांबावरची ओली तरटं

त्या बाईचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. इंग्रजी अमदानी होती आणि वाशीमकडच्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. गावातली पेठ आणि नदीपलीकडचा मोहल्ला जोडणारा सिमेंटचा उंच पूल बांधणं चालू होतं. असलं काम तिथे कोणी पाहिलंच नव्हतं.

ठेकेदाराने फिर्याद दिली. सिमेंट तडकू नये म्हणून नव्या खांबांना भिजवलेली तरटं गुंडाळत. ती रोज कोणीतरी ओढून टाकत होतं. ठेकेदाराचा संशय नावाड्यावर, कारण पूल झाला की त्याची नाव बंद. पण पुलाजवळ फळं विकणाऱ्या बागवानाने मला खबर दिली, "साब, नावाडी नाही जी. एक बाई दुपारची येते, खांबाले कान लावते."

साध्या कपड्यांतला शिपाई बसवला, तशी बाई सापडली. मी दरडावलं, "सरकारी काम आहे, आत टाकीन!"

ती उसळलीच. "टाका ना! माह्या पोराले त्या खांबात पुरलं तुमी. वरून ओलं तरट झाकता. जीव गुदमरत असंन ना त्याचा!"

तिचा जवान मुलगा पुलावर मजूर होता. कामावर गेला तो परतलाच नाही. पूल बळी मागतो, ही आवई गावभर होतीच. शिपाई फिदीफिदी हसले. मला त्यांचाच राग आला.

मुकादमाला बोलावलं. "पळाला साहेब, कामचुकार होता," म्हणाला, पण नजर जमिनीला. अशा माणसाला मारू नये. नुसतं बसवून ठेवावं, काही विचारू नये. संध्याकाळच्या आत तोच बोलला. पोराच्या हातून फळ्या नदीत वाहून गेल्या, तेव्हा याने दम भरला होता, "फौजदार तुले बेड्या घालते!" पोरगा घाबरून शेलूबाजारच्या गाडीवानासोबत निघून गेला होता.

शेलूबाजारला मी स्वतः गेलो. मला ओळखताच पठ्ठ्या पाठीवरचं पोतं टाकून पळत सुटला. मी ओरडलो, "अरे थांब! तुझी माय तुले मेला समजून रडून राह्यली!" तेव्हा थांबला.

ठाण्यात मायने त्याला आधी दोन थपडा दिल्या, मग गळ्यात पडून हंबरडा फोडला. मला वाटलं, प्रकरण मिटलं. तर डोळे पुसून विचारते, "सायब, मंग त्या खांबात दुसऱ्या कोण्या मायचं पोरगं तं नाही ना?"

दुसऱ्या दिवशी झाडून सगळे मजूर पुलावर उभे केले आणि त्यांच्या घरच्यांना बोलावलं. ज्याने त्याने आपापला माणूस ओळखला. ती बाई शेवटचा मजूर ओळखला जाईपर्यंत उन्हात उभी होती. त्यानंतर तरटांना कोणी हात लावला नाही.

अफवेपुढे दंडुका चालत नाही, जिता माणूस आणून उभा करावा लागतो, हे मी तिथे शिकलो. बाकी माणुसकी म्हणाल, तर ती मला त्या आरोपी बाईने शिकवली.