तानूबाईची पात

परवा नात पुण्याहून आली आणि तिने माझं डोकं फिरवलं... ती एका गोदामात खोकी भरते. एका खोक्याला किती सेकंद लागले ते हातातलं मशीन सांगतं. मागे पडली की साहेबाला लगेच कळतं म्हणे.

मी विचारलं, हे सेकंद ठरवले कुणी? तिला माहीत नव्हतं. मला मात्र चांगलं माहीत आहे कसे ठरवतात ते... नव्वदी ओलांडूनही बरीच वर्षं झाली, पण तो राग काही जात नाही. म्हणून आज नातीलाच टाइप करायला बसवलंय.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमाराची गोष्ट. मी सांगलीजवळ माधवनगरच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होते. छोट्या कांड्यांवरचं सूत मोठ्या बॉबिनवर चढवायचं, कांडी संपली की बदलायची, धागा तुटला की गाठ मारायची. दिवसभर उभं राहून एवढंच.

माझ्या उजव्या हाताला तानूबाई, तिच्या पलीकडे सखू. तानू म्हसवडकडची. नवरा पलटणीत, तिला दिवस गेले तेव्हा रजा संपवून ब्रह्मदेशात परत गेला, त्यानंतर ना तो आला होता ना त्याचं पत्र. बाळंत होऊन महिनाही झाला नव्हता, तरी पोर सासूजवळ ठेवून कामावर हजर... घरात मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं. जरा वेळ उभी राहिली की तिला अंधारी यायची, ते फक्त आम्हा दोघींना ठाऊक.

एके सकाळी मालकाने मुंबईहून आणलेला एक साहेब स्टॉपवॉच घेऊन खात्यात आला. एका बाईचं काम मोजायचं आणि तीच वेळ सगळ्यांना लावायची, असा हुकूम. आठवड्याभरात जिला ती वेळ जमणार नाही तिला गेट बंद. आणि हा बाबा नेमका तानूबाईच्या मागे येऊन उभा राहिला.

आता आमची चूक ऐका. आमच्याकडे भांगलणीला प्रत्येक बाई आपापली पात धरते, म्हणजे तण काढायची आपली ओळ. एखादीची पात मागे राहिली की शेजारच्या दोघी तिच्या ओळीतलं तण काढत तिला बरोबर घेतात. कुणी कुणाला सांगत नाही, हात आपोआप जातो. इथेही तसाच गेला... तानूचा धागा तुटला की गाठ मी मारली, कांडी संपली की सखूने बदलली.

साहेबाची नजर घड्याळाच्या काट्यावर आणि भरत्या बॉबिनवर. हात कुणाचा लागला, हे लिहायला त्याच्या कागदावर रकानाच नव्हता. एवढा शिकलेला माणूस, तिघींचं काम एकीच्या नावावर लिहून खूश होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर वेळ लागली. आता प्रत्येकीने एकटीने तिघींएवढं पळायचं... पाणी प्यायला जाणं बंद झालं, सुताने बोटं कापली. तिसरा दिवस उजाडला तरी एकीलाही ती वेळ जमेना.

खरं सांगावं तर तानूची नोकरी जाते, गप्प बसावं तर सगळ्यांची. साहेबाला बोलायची माझी हिंमत नव्हती. मग मी कुणावर ओरडले? तानूवर... जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांदेखत.

"तुज्यापायी आमी समद्यांनी घरी बसायचं व्हय गं?"

ती उरलेली भाकरी फडक्यात बांधून उठली. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

ती तडक साहेबाच्या टेबलापाशी गेली. "आवं सायेब, त्या दिशी मी एकली न्हवते. ह्या दोगींचं बी हात लागलं व्हतं. आज मला एकलीला मोजा."

साहेबाचा चेहरा उतरला. त्याने परत घड्याळ काढलं. मी आणि सखू हात मागे बांधून उभ्या राहिलो... एवढं अवघड काम मी जन्मात केलं नाही. धागा तुटला की तानू वाकायची, मशीनला धरून क्षणभर थांबायची, मग गाठ मारायची. एकदा माझा हात पुढे गेलाच. सखूने मनगट धरून मागे ओढला.

साहेबाने ते पाहिलं. मग त्याने आणखी तिघी धडधाकट बाया एकेकट्या मोजल्या. संध्याकाळी फळा पुसून नवी वेळ लिहिली, माणसाला झेपेल अशी. आणि तानूबाईला मात्र आठवड्याचीही मुदत न देता गेट बंद... तिला तीही जमली नव्हती म्हणून.

खरा राग इथे आहे. बाळंतिणीला महिनाभर सांभाळून घ्यावं, एवढीही जागा त्या कागदात नव्हती. आणि आम्ही काय केलं? जिने आम्हा सगळ्यांना वाचवलं तिच्यासाठी एकीनेही मशीन थांबवलं नाही. मीसुद्धा नाही.

ती निघाली तेव्हा मी मान खाली घालून उभी होते. माझ्याच मशीनवर धागा तुटून लोंबत होता, तो मला दिसलाही नाही. तानूबाई जाता जाता थांबली.

"हौसे, ध्यान कुठं हाय गं तुजं?" असं म्हणाली, माझ्या धाग्याला गाठ मारली आणि गेली.

त्या नव्या वेळेवर मी पुढे वीस वर्षं नोकरी केली. तानूबाई परत कधी भेटली नाही... तिचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच.