सहा व्होल्ट

मीटरअण्णा कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नसत. "बॅटरी नवीच हाय," असं गिऱ्हाईक म्हणालं, की ते मुकाट्याने खिशातला मीटर काढून तिच्या टोकांना वायरी टेकवत. एकदा पुजारी म्हणाले, देवळातली लाईट बरोबर आहे. अण्णांनी तीही मोजली. बरोबर नव्हती.

मंगळवार पेठेतल्या त्यांच्या रिपेअरीच्या दुकानात मी रोज चहाला जायचो. तिथे त्यांचं एक ठरलेलं वाक्य ऐकायला मिळे: "बिनलोडचं व्होल्टेज म्हंजे भाषण वो. मोटर लावल्यावर किती उरतंय ते सांगा." आमच्या भागातल्या पुढाऱ्यांचं इतकं नेमकं मूल्यमापन मी कुठे वाचलेलं नाही.

पुढे अण्णांच्या बायकोला, आमच्या काकूंना, अर्धांगवायू झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी हवेची गादी सांगितली. पण लाईट गेली की तिचा पंप बंद पडे. अण्णांनी मग सहा व्होल्टच्या मोटरीचा छोटा पंप बारा व्होल्टच्या बॅटरीवर बसवला. मध्ये व्होल्टेज उतरवणारी काड्यापेटीएवढी पट्टी. पंप चालू ठेवून, पट्टीवरचा बारीक पितळी स्क्रू फिरवत त्यांनी बरोब्बर सहा व्होल्ट आणले आणि स्क्रू हलू नये म्हणून त्यावर काकूंच्या नेलपॉलिशचा एक थेंब सोडला. "आता ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. मोटर जळंल."

ही बातमी मंडळापर्यंत गेली आणि 'पेठेचे संशोधक' म्हणून अण्णांचा सत्कार ठरला. पावसाने पेठेतली लाईट आदल्या दिवसापासून गेली होती. हॉलला मात्र जनरेटर होता. पंप स्टेजवर चालवून दाखवायचा होता.

"पंप हितनं हलायचा न्हाई," अण्णा म्हणाले.

"तासाभराचा तर प्रश्न आहे," मीच म्हणालो. "गादीची नळी बंद करून जाऊ. हवा राहील."

पलंगावरून काकू तुटक बोलल्या, "जावा की. शाल तर ईल."

स्टेजवर दुसरी गादी मांडली होती. ती आपल्या गतीने फुगत होती. अण्णा हारांत अडकले होते, पंपाशी मी बसलो होतो. प्रमुख पाहुणे माझ्याकडे वाकून म्हणाले, "पावणं, जरा लवकर फुगू द्या की! लोकांना दिसाय नको?" आयुष्यभर असल्या समारंभांची टिंगल केलेल्या मी नखाने तो तांबडा थेंब खरवडला आणि किल्लीच्या टोकाने स्क्रू फिरवला. गादी टम्म फुगली. टाळ्या पडल्या. लाउडस्पीकरपुढे मोटरीचा बदललेला आवाज अण्णांना ऐकू गेला नाही. दुसऱ्या भाषणात ती जळली.

लाईट यायला आणखी तीन दिवस लागले. बाजारात पाणी शिरलेलं, दुकानं बंद. तसली मोटर कुठेच मिळाली नाही. गादी उतरत गेली. अण्णा काकूंना रात्रंदिवस कुशीवर वळवत राहिले, तरी पाठीला जखम झालीच. ती चिघळली, ताप उतरेना. महिन्याभरात काकू गेल्या. सत्काराची शाल त्यांच्याच अंगावर घातली.

दिवस झाल्यावर मी दुकानात गेलो. अण्णा ती पट्टी मोजत बसले होते.

"साडेअकरा दावतंय," ते म्हणाले. "थेंब न्हाई वरचा. स्क्रू कुणी फिरवला, ठाव हाय तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो.

मीटर त्यांच्या हातातच होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मीटर बंद केला आणि खिशात ठेवला.

"बरं," म्हणाले.

माझ्या माहितीत, न मोजता त्यांनी घेतलेला तो एकमेव शब्द.