अर्धी अर्धी गोळी

जंगलात सुरुंगानं पाय गेलेले दोन जवान आमच्या फौजी दवाखान्यात शेजारी होते, एक आरमोरीचा, दुसरा कोरपन्याचा. जो पाय राहिलाच नव्हता तोच त्यांना दुखून रडवायचा. त्या दुखण्यावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. एकाची गोळी खरी, एकाची नुसती खडूची. कोणाची कोणती, हे ना त्यांना माहीत, ना मला, त्यांच्या नर्सला.

एका सकाळी पाहते, तर दोघं गोळ्या मोडून अर्ध्या अर्ध्या वाटून घेत होते.

"जंगलात आमी एकाच डब्ब्यात जेवलो, बाई. औषध एकट्यानं कसं खाऊ?"

नियमच तसा होता, वर कळवावं लागलं. दोघांनाही चाचणीतून काढलं, गोळ्या बंद झाल्या.

"मंग असली कोनापाशी होती, तेवढं तं सांगा."

मी खेकसले, "मले माहीत असतं, तं पहिल्याच दिवशी सांगितलं नसतं का?"